निकमबाईंचा फिटनेस

निकमबाईंना बसलेलं माणूस आवडायचं नाही. मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या शिक्षिका डबे उघडून बसलो की त्या स्टाफरूमच्या दारात उभ्या राहून भाकरी खायच्या. तळहातावर भाकरी, भाकरीवर ठेचा आणि गळ्यात शिट्टी. "बसून खाल्लेलं प्वाटात ऱ्हातं, हुबं ऱ्हाऊन खाल्लेलं पायात उतरतं," असं त्यांचं शरीरशास्त्र होतं. मी गणित शिकवते, त्यामुळे असल्या विधानांचा पुरावा मागायची मला खोड आहे. पुरावा मागितला की त्या साडी वीतभर वर उचलून पोटरी दाखवायच्या. त्या पोटरीपुढं वाद घालण्यात अर्थ नसायचा.

साताऱ्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. राहायला माझ्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर. मूळच्या उंब्रजच्या. नवरा फौजेतून सुभेदार होऊन परतलेला, तो उंब्रजला ऊस बघायचा. बाई शनिवारी शाळा सुटली की एस.टी.नं गावी जायच्या आणि रविवारी दिवस उजाडायच्या आत परत यायच्या, कारण रविवारी खो-खोच्या मुलींना अजिंक्यताऱ्यावर पळवायचं असायचं. संसार आठवड्यातून एक रात्र, आणि उरलेला सगळा वेळ मैदान. याबद्दल सुभेदारांची तक्रार मी कधी ऐकली नाही. ते मुळात बोलायचेच कमी. त्यांच्या वाटचं बाई बोलून घ्यायच्या.

माणूस भेटलं की आधी त्या पाय बघायच्या, मग तोंड. शाळेत माझा पहिला दिवस होता. ओळख करून द्यायला मी हात जोडले, तर त्या खालीच बघत म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमी डाव्या पायावर लय भार टाकताय. चप्पल बदला." मला राग आला. घरी जाऊन चप्पल उलटी करून बघितली, तर डावी टाच खरोखरच झिजलेली. त्यामुळे आणखीच राग आला.

बायकांनाही त्या 'गड्या' म्हणायच्या. मुलगी पडली, गुडघा फुटला, रडायला लागली की जवळ जाऊन पाठीवर थाप मारायच्या आणि म्हणायच्या, "रडायचं आसंल तर पळता पळता रड, गड्या." ऐकायला निष्ठुर वाटतं. पण पळता पळता रडता येत नाही, हे त्या मुलीला पुढच्या मिनिटाला कळायचं.

त्यांच्या कमरेला ॲल्युमिनियमची दोन तोंडांची डबी खोचलेली असायची. गावाकडं एका बाजूला तंबाखू आणि दुसऱ्या बाजूला चुना ठेवतात ना, तसली. बाईंच्या डबीत दोन्हीकडं चुनाच. रोज सकाळी दह्याच्या वाटीत गव्हाच्या दाण्याएवढा चुना कालवून त्या खायच्या. हे त्यांच्या आईनं शिकवलेलं. त्यांच्या माहेरी बाळंतीण असो, म्हातारं असो, नाहीतर हात मोडलेलं पोर असो, सगळ्यांना हाच खुराक. संघातल्या मुलींनाही रविवारी गडावर दही-चुना मिळायचा. "घर चुन्यानं हुबं ऱ्हातं, तसं मानूस बी चुन्यानं हुबं ऱ्हातं," असं त्या सांगायच्या. मी एकदा म्हटलं, बाई, घर हल्ली सिमेंटनं उभं राहतं. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हनून तर गळतं."

त्यांची दुसरी ठेव म्हणजे एक काडेपेटी. तिच्यात काड्या नव्हत्या, मुतखडे होते. बाईंना खड्यांचा त्रास वर्षानुवर्षं होता आणि पडलेला प्रत्येक खडा त्यांनी गाळून, धुऊन जपून ठेवला होता. एकदा स्टाफरूममध्ये टेबलावर काडेपेटी उपडी करून त्यांनी आम्हाला त्यांचा इतिहास सांगितला. "ह्यो वाईचा. घाटावर पोरींस्नी पोहायला न्हेलं व्हतं तवा. ह्यो उंब्रजचा, उसाच्या सरीत. आन ह्यो काळा बारका हाय न्हवं, त्यो लय वंगाळ. तालुक्याची फायनल चालू व्हती." आम्ही डबे झाकले. फायनल कोण जिंकलं हे मात्र मी विचारलं. "आमीच की. मैदानाच्या कडंला बसून ऱ्हायले, कुनाला कळू दिलं न्हाई." खड्यांवर त्या कुळथाचं कढण प्यायच्या आणि पुन्हा दही-चुना खायच्या. एका हातानं विझवायचं आणि दुसऱ्या हातानं पेटवायचं, असा हा प्रकार असेल, असं तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही.

मग हळूहळू काही गोष्टी दिसायला लागल्या. मी कधी कधी रविवारी त्यांच्याबरोबर गड चढायची. बाई नेहमी सगळ्यात पुढं असायच्या. एका पावसाळ्यानंतर त्या मधल्या वळणावर थांबायला लागल्या. कठड्यावर बसायच्या, वाकायच्या आणि बुटाची लेस बांधायच्या. पुढच्या रविवारी पुन्हा तेच वळण आणि पुन्हा लेस. मी नीट बघितलं. लेस सुटलेली नसायचीच. त्या बांधलेली लेस सोडायच्या आणि पुन्हा बांधायच्या, तेवढ्यात दम परत यायचा आणि कंबर थोडी सैल व्हायची. "दुखतंय का काही?" म्हटलं तर म्हणाल्या, "बुटाचं दुखणं हाय. कंपनी बदलली."

खेळाच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर संघातल्या मुलींच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या. फार वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेनं बाईंचीही खूण केली होती, सगळ्यात वर. एक दिवस एक आगाऊ मुलगी बाईंना चौकटीला टेकवून म्हणाली, "बाई, तुमची खूण तुमच्या डोक्याच्या वर गेलीय." आम्ही हसलो. बाई वळून खुणेकडं बघत राहिल्या. ती त्यांच्या डोक्यापासून चांगली तीन बोटं वर होती. "पावसानं लाकूड फुगलंय," म्हणाल्या आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना मैदानावर हाकललं. मार्च महिन्यातली गोष्ट ही. पाऊस कुठला?

हात मोडला तो गोळाफेक शिकवताना. मुली नीट टाकत नव्हत्या म्हणून बाईंनी स्वतः गोळा घेतला, मानेशी धरला, वळल्या आणि फेकला. मी व्हरांड्यात होते. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज मला तिथवर आला. गोळा त्यांच्या पायाशीच पडला आणि उजवा हात खांद्याखाली लोंबायला लागला. बाईंनी डाव्या हातानं शिट्टी तोंडात घेतली, वाजवली आणि म्हणाल्या, "पुढची." मग खाली बसल्या. त्यांना मैदानावर बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

साताऱ्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे लावून दाखवला. हाड जिथं मोडलं होतं तिथं ते आधीच आतून पोखरलेलं होतं, मोठं भोक होतं. नडगीचा काढला, तिथंही भोक. बरगडीत आणखी एक. डॉक्टरांचा आवाज एकदम मऊ झाला. हात बांधून, कॅल्शियमच्या गोळ्या देऊन त्यांनी सांगलीला मोठ्या सर्जनकडं पाठवलं. तिथं हाडाचा तुकडा काढून तपासला. हाडाची गाठ आहे, अशी-तशी नाही, वेगानं खाणारी आहे, असं सर्जन म्हणाले. बाकीची भोकं बघता ती पसरल्याचीही शक्यता. हात वाचवायचा प्रयत्न करू, पण तयारी ठेवा, कदाचित खांद्यापासून काढावा लागेल.

सुभेदार खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. बाईंनी एकच विचारलं, "डावा ऱ्हातोय न्हवं?"

"डाव्याला काही नाही," सर्जन म्हणाले.

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवसापासून त्या सगळं डाव्या हातानं करायला लागल्या. डाव्या हातानं भाकरी थापायच्या, ती फाटायची, पुन्हा गोळा करून पुन्हा थापायच्या. डाव्या हातानं सही गिरवायच्या. मी वर स्वयंपाक करताना खालून पिठाच्या परातीचा आवाज ऐकायची आणि माझ्यानं पोळी लाटवत नसे. अजून अंगाला असलेल्या हाताला त्या निरोप देऊन बसल्या होत्या, ते मला बघवायचं नाही.

आणि मग सुरू झाली भेटायला येणाऱ्यांची रांग. मोडलेल्या हाडाला काय लागतं हे आमच्याकडं प्रत्येकाला माहीत असतं. संघातल्या मुलींच्या आया डिंकाचे लाडू घेऊन आल्या, कुणी नाचणीचं सत्त्व, कुणी म्हशीचं धारोष्ण दूध. सुभेदार उसाचं पाणी भावकीवर सोपवून साताऱ्याला येऊन राहिले होते. हा फौजी माणूस बायकोसाठी काय करू शकणार? त्यांनी चुना वाढवला. सकाळच्या वाटीबरोबर संध्याकाळची वाटी सुरू केली, आणि दाणा गव्हाचा राहिला नाही, हरभऱ्याचा झाला. आम्ही सगळ्यांनी मिळून बाईंना इतक्या प्रेमानं खायला घातलं की त्यांची भूक मेली, तोंड कोरडं पडलं, आणि त्या दिवसभर पडून राहायला लागल्या. आम्हाला वाटलं, आजार बोलतोय.

ऑपरेशनची तारीख ठरली. भूल देण्याआधी फिजिशियनचा फिटनेसचा दाखला लागतो, म्हणून सर्जननी मिरजेच्या डॉ. मुजावरांकडं पाठवलं. गाडीत मागच्या सीटवर मला टेकून बसलेल्या बाई म्हणाल्या, "जल्मभर पोरींस्नी फिटनेस दिला. आता माजा कोन देतंय बघू." आवाजात पूर्वीची धार नव्हती, पण थट्टा होती. मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

डॉ. मुजावर बारीक चणीचे, हळू बोलणारे. समोरचा चहा विसरून जायची त्यांना सवय असावी, कारण आम्ही गेलो तेव्हाच त्यावर साय धरली होती. त्यांनी ईसीजीची पट्टी बघितली आणि पुन्हा बघितली.

"तहान फार लागते?"

"लागती की. उन्हात असतो आमी."

"रात्री लघवीला उठावं लागतं?"

"तांब्या तांब्या पानी पिल्यावर उठायला लागनारच."

"पोट साफ होतं?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "ह्या मास्तरीणीपुढं त्ये बी सांगू व्हय?"

डॉक्टर हसले नाहीत. "मुतखडा कधी झाला होता?"

सुभेदारांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "एक न्हाई, सायेब. पेटीभर हायती. हिनं जपून ठेवल्यात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. उठून बाईंचा डावा हात हातात घेतला, बोटं एकेक करून दाबून बघितली आणि म्हणाले, "ह्या हाताचा एक्स-रे काढून आणा."

"त्यो चांगला हाय," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच."

तो एक्स-रे त्यांनी उजेडात धरला आणि आम्हाला जवळ बोलावलं. न दुखणाऱ्या, न मोडलेल्या बोटांच्या हाडांच्या कडा बारीक बारीक कुरतडल्यासारख्या दिसत होत्या, उंदरानं भाकरीची कड खावी तशा. "गाठ एका जागी हाड खाते," ते म्हणाले. "इथं सगळीच हाडं झिजताहेत. फिटनेस मी देऊ शकत नाही."

बाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "म्हंजी नापास?"

"सध्या नापास."

"आजपातूर कुनी नापास केलं न्हाई मला."

"पर सायेब," सुभेदार म्हणाले, "तारीख ठरलीया. थांबलो आन तवर त्ये पसरलं म्हंजी?"

हाच प्रश्न होता. डॉक्टरांनी तो टाळला नाही. "कॅन्सर असेल तर थांबणं चूक आहे, खरं आहे. पण नसेल, तर हात काढणं त्याहून मोठी चूक. मला रक्त बघू द्या. सांगलीच्या डॉक्टरांचं चुकलंय असं मी म्हणत नाही. कॅन्सरमध्ये आणि माझ्या मनात आहे त्या आजारात हाडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली सारखाच दिसतो. रक्तात फरक कळतो."

रक्तातलं कॅल्शियम त्याच दुपारी कळलं. ते इतकं वाढलं होतं की डॉक्टरांनी घरी जाऊच दिलं नाही. हाडं पोकळ आणि रक्तात कॅल्शियमचा पूर, हे गणित मला सुटेना. डॉक्टर नव्या गोळ्या लिहीत नव्हते, जुन्या बंद करत होते. साताऱ्याच्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर काट मारून त्यांनी विचारलं, "आणखी काही घेता?"

"काय बी न्हाई," बाई म्हणाल्या, आणि खरंच म्हणाल्या. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच. पण नर्सनं त्यांचं लुगडं बदलायला घेतलं तेव्हा कमरेची डबी फरशीवर पडली आणि दोन्ही झाकणं उघडली.

"तंबाखू?" डॉक्टरांनी विचारलं.

"तंबाखूला शिवत न्हाई मी. नुसता चुना हाय. दह्यातनं."

डॉक्टर डबीकडं बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला, हे मी स्वतः पाहिलं. कारण आता कोडं पुन्हा उलटं झालं होतं. बाहेर व्हरांड्यात त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. चुना, दूध आणि गोळ्या मिळूनही कॅल्शियम असं चढू शकतं. कॅन्सरनंही चढतं. आणि तिसरं कारण, जे त्यांच्या मनात होतं, ते म्हणजे गळ्यातल्या मसुरीएवढ्या ग्रंथी. त्या ग्रंथींच्या रसाची तपासणी पुण्याला पाठवायची होती. "तो आकडा कमी आला तर चुना किंवा कॅन्सर. जास्त आला तर ग्रंथी. आणि ग्रंथी असेल तर बरी होण्यासारखी आहे."

म्हणजे आकडा वाईट आला तर चांगलं. मी आयुष्यात पहिल्यांदा वाईट आकड्यासाठी देवाला हात जोडले.

सुभेदार भिंतीला टेकून उभे होते. "दाना मी वाढवला," ते म्हणाले. "सांजची वाटी बी मीच चालू केली." डॉक्टरांनी उगाच खोटा धीर दिला नाही.

ते दिवस फार वाईट गेले. चुना बंद, दूध बंद, सलाईनवर सलाईन. कॅल्शियम जरा उतरलं आणि पुन्हा चढलं. बाईंना गुंगी यायला लागली. उलट्या व्हायच्या, मग झोपायच्या, मग मध्येच डोळे उघडून वॉर्डाकडं मैदानासारखं बघायच्या. एकदा माझा हात धरून म्हणाल्या, "खांबाकडं पळ, गड्या. खांब सोडू नगंस." मग ओठांचा चंबू करून फुंकायला लागल्या. गळ्यात शिट्टी नव्हती, ती माझ्या पिशवीत होती. आवाज न येता त्या फुंकत होत्या. सांगलीहून फोन आला की तारीख सोडली तर पुढची लवकर मिळणार नाही. सुभेदारांनी फोन कानाला धरून माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार होते? मला अपूर्णांक कळतात, माणसाचा हात ठेवावा की काढावा हे कसं कळणार? सुभेदारांनी फोन दुसऱ्या कानाला धरला. मग फोनमध्ये म्हणाले, "सोडा तारीख. आमी थांबतो."

त्या माणसानं लढाईत काय केलं मला माहीत नाही. पण हे वाक्य बोलायला काय लागलं असेल, ते मी त्यांच्या शेजारी उभी राहून पाहिलं आहे.

"चुन्याचं असतं तर एव्हाना उतरलं असतं," डॉक्टर सकाळच्या फेरीला म्हणाले. याचा अर्थ आता दोनच उरले होते, आणि त्यातला एक आम्हाला नको होता. त्या दिवशी मी बाईंचे केस विंचरले. इतके पातळ झाले होते की कंगवा नुसता फिरत होता.

रिपोर्ट घेऊन डॉक्टर स्वतः चालत आले. एका हातात कागद, दुसऱ्या हातात गार चहाचा कप. दारातूनच म्हणाले, "जास्त आहे. पुष्कळच जास्त."

सुभेदारांना कळेना की हे चांगलं की वाईट. ते माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, त्यामुळे त्यांना आणखीच कळेना. तेवढ्यात कॉटवरून जड जिभेचा आवाज आला, "रडायचं आसंल तर पळता पळता रड." बाईंचे डोळे अर्धे उघडे होते. मी खरंच उठून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

मग डॉक्टरांनी सुभेदारांना शेजारी बसवून विचारलं, "विहिरीवर मोटर आहे ना? ऑटो बसवलाय?"

"व्हय. लाईट आली की आपसूक चालू हुती."

"तो ऑटो बिघडून मोटर चालूच राहिली तर?"

"हीर कोरडी पडंल आन रानात तळं साचंल."

"तेच झालंय. ही ग्रंथी म्हणजे ऑटो. रक्तात कॅल्शियम कमी पडलं तर हाडातून थोडं उपसायचं आणि पुरेसं झालं की थांबायचं, हे तिचं काम. बाईंची एक ग्रंथी थांबायचं विसरलीय. किती वर्षं उपसा चाललाय कोण जाणे. हाडांची विहीर आटली आणि रक्तात तळं साचलं. त्या तळ्याचा गाळ म्हणजे तुमचे ते खडे. चुन्यानं त्यात वरून पावसाची भर घातली, पण मूळ बिघाड चुन्याचा नाही."

सुभेदारांनी मान खाली घातली. खांदे एकदा हलले. मग नाक पुसून ते म्हणाले, "मग ऑटो काढून टाका की, सायेब."

गळ्याचं ऑपरेशन मिरजेतच झालं. त्याआधी सलाईन आणि इंजेक्शनं देऊन बाईंना शुद्धीवर आणलं होतं. आत नेताना त्या म्हणाल्या, "आता तरी पास केलं न्हवं?" डॉक्टर म्हणाले, "काठावर." बाहेर आम्ही दोघंच. मसुरीएवढी असायची ती ग्रंथी जांभळाएवढी निघाली. तिथल्या सर्जननी वाटीत आणून दाखवली. एवढीशी तांबूस गोळी, आणि हिनं एका बाईचा दंड, नडगी, बरगडी, तीन बोटं उंची आणि जवळजवळ एक हात खाल्ला होता. मला तिला चिमटीत धरून चिरडावंसं वाटलं.

संकट एवढ्यावर संपलं नाही. बाईंच्या ओठांना मुंग्या यायला लागल्या, मग बोटांना, आणि बघता बघता डावा पंजा आखडून आत वळला. तोच पंजा, ज्याच्यावर त्यांनी पुढच्या आयुष्याची सगळी भिस्त ठेवली होती. बाईंनी त्या वाकड्या बोटांकडं बघितलं आणि पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. "ह्यो बी गेला व्हय गं?" त्या म्हणाल्या. नर्स धावली, डॉक्टर आले, शिरेतून औषध सुरू झालं. "घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "उपसा थांबला. आता उपाशी हाडं रक्तातलं सगळं ओढून घेताहेत. आता तुम्हाला भरपूर कॅल्शियम द्यायचंय."

पंजा हळूहळू सुटला. बाईंनी एकेक बोट उघडून-मिटून बघितलं, सगळी आपली आहेत याची खात्री केली. मग विचारलं, "मंग आता चुना चालंल न्हवं?"

इतक्या दिवसांत डॉ. मुजावर पहिल्यांदा मोठ्यानं हसले. चुना त्यांनी दिला नाही. डबी मात्र परत दिली.

उजवा हात राहिला. हाडातली भोकं एकाएकी बुजत नाहीत, पण पुढच्या वर्षभरात दर एक्स-रेला ती लहान होत गेली, आणि सांगलीच्या त्याच सर्जननी तो फोटो शांतपणे बघून बाईंना नमस्कार केला. तीन बोटं उंची परत आली नाही. पाठीचे मणके दबले ते दबलेच. बाई आता माझ्याएवढ्याच दिसतात, आणि ते मला अजून खपत नाही. निवृत्त होऊन त्या उंब्रजला गेल्या. जाताना काडेपेटी डॉक्टरांना देऊन गेल्या म्हणे, शिकणाऱ्या पोरांना दाखवायला.

जायच्या आधीच्या रविवारी त्या मुलींबरोबर गडावर निघाल्या. डॉक्टरांनी अर्ध्यापर्यंतच परवानगी दिली होती. मी बरोबर होते. मुली पुढं पळाल्या. बाई सावकाश, पण ताठ चालत होत्या, गळ्यात शिट्टी. मधलं वळण आलं आणि त्या थांबल्या, कठड्यावर बसल्या आणि बुटाकडं बघायला लागल्या.

पुन्हा तेच? पुन्हा ती लेस? त्यांनी वाकायचा प्रयत्न केला, थांबल्या, पुन्हा केला. मग पाय माझ्यापुढं सरळ केला. मी खाली बघितलं. लेस खरंच सुटली होती, दोन्ही टोकं मातीत लोळत होती.

"बघतीस काय?" त्या म्हणाल्या. "बांद की. मला वाकाया येत न्हाई आता."

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडं काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मी रस्त्यातच खाली बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि लेसला दुहेरी गाठ मारली. त्यांनी पाय झटकून बघितला आणि उठून शिट्टी वाजवली. वरच्या वळणावर थबकलेल्या मुली पुन्हा पळायला लागल्या.